धुराची बाजू

१

शनिवारी दुपारी टायरच्या दुकानाचं शटर ओढलं की रादिम घरी जात नसे. पाठपिशवी तो सकाळीच भरून कामावर आणायचा. दोन डब्यांची गाडी त्याला जंगलाच्या तोंडाशी सोडायची, तिथे ब्लांका आणि बार्तोश वाट बघत उभे असायचे, आणि मग तिघं वाळूच्या खडकांमधून भट्टीपर्यंत चढायचे.

भट्टी म्हणजे कपार. वर पुढे आलेला खडक, खाली कोरडी वाळू, आणि छताला इतक्या वर्षांच्या शेकोट्यांची काजळी की बोट लावलं तर बोट काळं. पावसात, बर्फात, सुट्टीला रानात फिरणाऱ्या भटक्यांनी तिथेच पथारी टाकायची.

रादिमने शाळेत एकही नियम धड पाळला नव्हता, म्हणून तर शाळा अर्धवट सुटली. पण भट्टीतले नियम त्याला पाठ होते, कारण ते हिनेकने, त्याच्या थोरल्या भावाने शिकवले होते. शेकोटीचा धनी एकच, ज्याने काडी ओढली तो. लाकूड तोच घालणार, निखारे तोच सारणार. आगीवरून उडी मारायची नाही, तिच्यात थुंकायचं नाही. परका आला तर त्याने उजेडाच्या कडेला थांबून ‘अहोय’ म्हणायचं, आणि धनी ‘ये’ म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. एकदा ‘ये’ म्हटलं की मात्र शेकोटी संपेपर्यंत त्याला कोणी ऊठ म्हणायचं नाही. आणि शेकोटी कधी संपली? धन्याने पाणी ओतून ओल्या राखेवर उघडा पंजा दाबला आणि ऊब लागली नाही, तेव्हा. त्यानंतर मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी कोरडं जळण रचायचं आणि निघायचं.

कपारीत सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. बार्तोश निवृत्त दंतवैद्य, सत्तरीचा. स्टेशनवर रादिम त्याला ‘डॉक्टर, तुम्ही’ म्हणायचा, आणि भट्टीत पोचला की ‘अरे बार्तोश’.

त्या शनिवारी कपारीत जळण रचलेलं होतं. त्यांनी आदल्या खेपेला ठेवलेला बर्चचा भारा भिंतीशी तसाच होता. त्याच्या शेजारी दुसरा ढीग, स्प्रूसच्या लाकडाचा, एक थर आडवा, एक उभा, आणि समोर एकच ओंडका पहाऱ्यावर असल्यासारखा ताठ उभा केलेला.

‘‘कोणीतरी भला माणूस येऊन गेलाय,’’ ब्लांका म्हणाली आणि तिने पाव काढायला पिशवी उघडली. ती बेकरीत काम करायची. शिळा पाव तिने कधी आणला नाही.

बार्तोश चुलीच्या दगडांपाशी उकिडवा बसला होता. ‘‘आलं कोणीच नाही,’’ तो म्हणाला.

राखेत त्याचा गेल्या रविवारचा पंजा होता. वाकडी करंगळी, अंगठ्याखालची घडी, सगळं जसंच्या तसं.

२

‘‘असेल एखादा, आग न लावताच झोपला असेल,’’ ब्लांका म्हणाली.

‘‘या थंडीत?’’ बार्तोशने विचारलं. ‘‘एवढं लाकूड फोडायचं आणि कुडकुडत बसायचं?’’

‘‘तुझ्यासारखे कंजूष असतात की. दात काढायचास आणि भूल अर्धीच द्यायचास.’’

‘‘पूर्ण दिली की लोक झोपायचे. मग गप्पा कुणाशी मारू?’’

रादिम हसला नाही. तो त्या उभ्या ओंडक्याकडे बघत होता. हिनेक त्याला पहारेकरी म्हणायचा. ढीग रचून झाला की एक ओंडका समोर उभा करायचा आणि त्याला सलाम ठोकायचा. दुसऱ्या कोणाला असं करताना रादिमने पाहिलं नव्हतं.

हिनेक मे महिन्यात गेला. रविवारी सकाळी आग विझवून झाल्यावर, मागून येणाऱ्यासाठी जळण आणायला तो एकटाच कुऱ्हाड घेऊन वर गेला. साल पोखरणाऱ्या किड्याने त्या बाजूचे स्प्रूस उभ्याउभ्याच मारले होते. त्यातला एक वाऱ्याने मोडला. खाली बार्तोश कॉफी उकळत होता, ब्लांका दात घासत होती. त्यांना वाटलं हिनेकनेच झाड पाडलं. ब्लांकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्या दिवशी भट्टीत जळण ठेवायचं राहून गेलं.

बार्तोशने शेकोटी पेटवली. वर त्याने ते नवं स्प्रूस घातलं, आणि थोड्या वेळाने तिघंही आगीकडे बघायला लागले. वाळलेला स्प्रूस जळताना तडतडतो, ठिणग्या उडवतो, पांघरुणाला भोकं पाडतो. हा जळत होता, पण आवाज नव्हता. कपडा जळावा तसा.

‘‘ओलं असेल,’’ ब्लांका म्हणाली.

‘‘ओलं असतं तर फुसफुसलं असतं,’’ रादिम म्हणाला.

धूर बाहेर जायच्या ऐवजी कपारीच्या पोटाकडे वळला होता. तिकडच्या बाजूला ते कोणी बसत नसत. ती हिनेकची जागा. तो कुठेही बसला तरी धूर त्याच्याच तोंडात जायचा. तो अर्वाच्य शिव्या देत सरकायचा, धूर त्याच्या मागे सरकायचा, पुन्हा शिव्या, पुन्हा सरकणं. सगळी शेकोटी त्याच्या नावाने हसायची. ‘‘देखण्या माणसाला धूरही सोडत नाही,’’ असं म्हणून तो डोळे पुसायचा.

‘‘वारा फिरलाय,’’ बार्तोश म्हणाला. पण ब्लांकाच्या हातातल्या मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती.

३

सकाळी उरलेलं लाकूड हलवताना रादिमला तो ओंडका सापडला. सालीखाली किड्याने कोरलेली नक्षी, आणि सालीवर नारिंगी रंगाची अर्धी फुली.

फुली जंगलखात्याची. पाडायच्या झाडावर मारतात. हिनेकवर पडलेल्या झाडावरही ती होती. त्या दिवशी वर धावत जाऊन रादिमने झाडाला इतक्या लाथा घातल्या होत्या की ती फुली तो विसरणं शक्य नव्हतं. फुलीचा एक पाय ओघळून लांब झाला होता, लाळ गळावी तसा.

या अर्ध्या फुलीचा पाय ओघळलेला होता.

‘‘ते झाड तर जूनमध्येच गाडीत घालून नेलं,’’ बार्तोश म्हणाला. ‘‘मी इथे होतो. त्याचा भुसा करून विकलासुद्धा असेल.’’

‘‘मग हे काय आहे?’’

‘‘रंग आहे. जंगलात शंभर झाडांवर आहे.’’

‘‘बार्तोश, हे त्याने आणलंय.’’

ब्लांका पांघरूण गुंडाळत होती. ती थांबली.

‘‘त्याचं राहिलं होतं ना ठेवायचं?’’ रादिम भरभर बोलत होता, त्याला स्वतःला आवरता येत नव्हतं. ‘‘ते तो ठेवतोय. आपल्यासाठी. आणि आपण नुसतं जाळतोय, अहोयसुद्धा न म्हणता.’’

‘‘रादिम,’’ ब्लांका म्हणाली, ‘‘मला त्याच्याकडून लाकूड नकोय. तो लाकूड आणायला गेला नसता तर बरं झालं असतं, एवढंच मला वाटतं. रोज पीठ मळताना वाटतं.’’

बार्तोशने शेकोटीवर पाणी ओतलं, थांबला, पुन्हा ओतलं. मग त्याने राखेवर पंजा दाबला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तसाच ठेवला. उठला तेव्हा तो कोणाकडे बघत नव्हता. ते उरलेलं स्प्रूस त्याने उचलून कपारीबाहेर ओल्या पाल्यात फेकलं, फुलीसकट.

स्टेशनवर गाडी येताना दिसली तेव्हा तो म्हणाला, ‘‘वसंतापर्यंत भट्टी राहू दे. आलोच तर तिघं मिळून. एकट्याने नाही.’’

‘‘का, डॉक्टर? तुम्ही घाबरलात?’’

‘‘हो,’’ बार्तोश म्हणाला. ‘‘राख गार होती, पोरा. आत्ता विझवलेली राख. महिनाभरापूर्वीची असावी इतकी गार.’’

४

आठवडाभर रादिमने टायर काढले आणि बसवले. हाताने काम चाललं होतं, डोकं भट्टीत होतं.

तो स्वतःला समजावत होता. लाकूड कोणीतरी आणलं. पंजा राहिला, कारण त्या माणसाने आग लावली नाही. लाकूड वाजलं नाही, कारण ते कुजकं होतं. धूर आत गेला, कारण धूर कुठेही जातो. एकेक गोष्ट घेतली की तिचं उत्तर मिळायचं. सगळ्या एकत्र घेतल्या की उत्तर एकच उरायचं, आणि त्या उत्तराने त्याला भीती वाटण्याऐवजी भूक लागल्यासारखं व्हायचं.

घरी आई हिनेकची खुर्ची टेबलाला लावून ठेवायची. तिच्यावर कोणी बसत नसे, मांजरसुद्धा नाही. मे महिन्यापासून आई कमी बोलायची, आणि बोलली तरी चुलीकडे बघून. एकदाच तिने विचारलं, ‘‘तिकडे त्याला थंडी वाजत असेल का रे?’’ तेव्हा रादिम घास टाकून उठून गेला होता. त्याला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मेला तो मेला, पण एक संध्याकाळ, एक शिवी, एवढं मागणं काही फार नव्हतं.

शुक्रवारी त्याने ब्लांकाला फोन केला. ‘‘येतेस का उद्या?’’

‘‘बार्तोश काय म्हणाला ऐकलंस ना?’’

‘‘म्हातारा आहे तो. राख गार लागली म्हणे. राख गारच असते.’’

‘‘रादिम, जाऊ नकोस. उद्या मृतांचा दिवस आहे. आईबरोबर दिवा लावायला जा.’’

‘‘तो दफनभूमीत नाहीये,’’ रादिम म्हणाला आणि फोन ठेवला.

५

तो पोचला तेव्हा उजेड मावळत होता. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो. खाली गावातले लोक अजून घराबाहेर असतील, दफनभूमीत मेणबत्त्या लावत असतील.

बार्तोशने पाल्यात फेकलेलं स्प्रूस पाल्यात नव्हतं. ते कपारीत होतं. थरावर थर, कोरडं ठणठणीत, आणि समोर पहारेकरी. पहारेकऱ्याच्या अंगावर अर्धी फुली.

राखेत बार्तोशचा पंजा तसाच होता.

‘‘बरं,’’ रादिम मोठ्याने म्हणाला. ‘‘बरं. आलोय मी.’’

त्याने पंज्यावरच काटक्या रचल्या. पहिली काडी मोडली, मग दुसरी. तिसरी पेटली. आता तो धनी होता. आयुष्यात पहिल्यांदा. हिनेक असता तर म्हणाला असता, ‘छोट्या, मिशा फुटू दे, मग काडी ओढ.’

आग चढली, निमूटपणे. तिच्या उजेडाची कड वाळूवर स्पष्ट दिसत होती, पाण्याची कड दिसावी तशी. कपारीच्या ओठावरून पाणी ठिबकत होतं. थेंब, मग थेंब. मग ठिबकणं थांबलं, आणि त्याच्या जागी बुटांचा आवाज आला. पायवाटेवरून, सावकाश, भरल्या पिशवीने माणूस चढतो तसा.

आवाज कडेपर्यंत आला आणि थांबला.

हरीण असेल, रादिमने मनाशी म्हटलं. हरणाचे पाय असे दोन-दोन पडत नाहीत, हे त्याला माहीत होतं. भटका असेल एखादा. मग तो अहोय म्हणेल.

कोणी अहोय म्हटलं नाही. पण कोणी गेलंही नाही. कडेच्या पलीकडे, अंधारात, कोणीतरी नियम पाळत उभं होतं.

रादिमने अंधाराकडे तोंड केलं. किती वेळ उभा आहे, त्याला वाटलं. मे महिन्यापासून उभा आहे, आणि आपण तिघं आत बसून सॉसेज भाजतोय.

‘‘ये ना,’’ तो म्हणाला. ‘‘शेकोटी माझी आहे. ये.’’

६

पावलं वाजली नाहीत. फक्त धूर वळला.

तो पुन्हा कपारीच्या पोटाकडे वळला, हिनेकच्या जागेकडे, आणि तिथे मध्येच फाटला. ओढ्यात दगड असला की पाणी जसं दोन्ही अंगांनी जातं, तसा धूर दोन्ही अंगांनी जाऊन मागे पुन्हा एक होत होता. मधे काही नव्हतं. बसलेल्या माणसाच्या उंचीचं, काही नाही.

रादिम हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता.

‘‘आला धूर. आला बघ तुझ्याकडेच. देखणा ना तू.’’ त्याने नाक पुसलं. ‘‘आई बरी आहे. म्हणजे नाही. ब्लांका तुझ्यावर चिडलीय. तुझी मोटरसायकल मी विकली नाही, कुणी काही म्हणो. तिचा पुढचा टायर मी बदललाय, नवा टाकलाय, तू म्हणशील एवढा महाग कशाला, पण...’’

तो बोलत राहिला. त्याने पाव मोडून अर्धा त्या बाजूला वाळूवर ठेवला. मग रमचा एक घोट वाळूत ओतला. लाकूड घातलं, पुन्हा घातलं. आणि बोलता बोलता हळूहळू त्याचं बोलणं मंदावलं, कारण काहीतरी व्हायला हवं होतं आणि ते होत नव्हतं.

धूर सरळ त्या जागेवर जात होता. दाट, पांढरा, डोळे झोंबवणारा. आणि ती जागा तिथेच होती.

हिनेक धुरात एक क्षण बसायचा नाही. शिवी आधी यायची, मग तो सरकायचा.

‘‘सरक ना,’’ रादिम हळूच म्हणाला.

त्याने बाहेरून ओला पाला उपटून आणला आणि आगीवर टाकला. धुराचा लोट उठला आणि जाऊन त्या जागेवर आदळला. तिथे तो फाटला, अगदी तसाच, एक बोटसुद्धा इकडेतिकडे न होता. जे बसलं होतं त्याला धूर झोंबत नव्हता. ते श्वास घेत नव्हतं. ते रादिमकडे तोंड करून बसलं होतं, एवढंच त्याला का कोण जाणे कळत होतं. आणि ते वाट बघत होतं, पाहुण्यासारखं, पुढचं लाकूड पडायची.

‘‘हिनेक, सरक रे,’’ रादिम म्हणाला. ‘‘एकदा. शिवी दे मला.’’

वाळूवरचा पाव काळा पडत होता, कडेपासून आत, आगीपासून इतका लांब असून.

रादिमने पाण्याचा डबा उचलून सगळा आगीत पालथा केला. वाफ उठली नाही. सूं झालं नाही. अंधार झाला. पिशवी, पांघरूण, कुऱ्हाड, सगळं तिथेच टाकून तो पायवाटेवर धावत सुटला. खडकांवर गुडघे फोडत, स्टेशनचा पिवळा दिवा दिसेपर्यंत धावत.

गाडीत बसल्यावर, समोरच्या बाईच्या मांडीवरच्या रिकाम्या मेणबत्तीच्या पेल्यांकडे बघत असताना, त्याला स्वतःचा उजवा तळवा दिसला. घामाने ओला, वाळू चिकटलेला. राख कुठेच नव्हती.

पंजा ठेवायचा राहिला होता.

७

त्याने मनाशी म्हटलं, उद्या उजाडताच जाऊ. बार्तोशला घेऊन जाऊ, पाया पडू त्याच्या. राखेवर हात ठेवू, जळण रचू, संपवू. एका रात्रीत काय होतंय. ते घरी कशाला येईल, त्याला वाट माहीत नाही.

गावात सगळ्या घरांच्या खिडक्या उजळल्या होत्या. त्यांच्या धुराड्यांतून धूर निघत होता आणि अंगणात पसरत होता. रादिमने दार ढकललं. स्वयंपाकघर गरम होतं, इतकं गरम मे महिन्यापासून नव्हतं. आई चुलीपाशी उभी होती, कोबीचं सूप ढवळत. तिच्या अंगात अजून बाहेरचा कोट होता.

‘‘आलास? मला वाटलं पुन्हा गेलास कुठे.’’

‘‘पुन्हा म्हणजे?’’

‘‘मी दफनभूमीतून आले तेव्हा तू मागच्या अंगणात लाकडं रचत होतास ना. आवाज येत होता. हाक मारली तर ओ दिली नाहीस.’’ ती वळली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा उजळला होता. ‘‘आत आणूनही किती छान रचलीस रे. अगदी त्याच्यासारखी.’’

चुलीशेजारी, भिंतीला लागून, स्प्रूसचा ढीग होता. एक थर आडवा, एक उभा. समोर पहारेकरी नव्हता.

‘‘एक ओंडका होता इथे,’’ रादिम म्हणाला. तो ढिगाकडे वाकला. ‘‘उभा. आई, तो कुठे गेला?’’

‘‘तो घातला की आधी. चूल पेटवली मी त्यावरच. बघ कसा जळतोय, आवाज नाही, काही नाही.’’

चूल तिने पेटवली होती. काडी तिने ओढली होती. भट्टीचे नियम तिला कोणी कधी शिकवले नव्हते. ती हसायची त्यांना, म्हणायची, रानात जाऊन कसली शिस्त पाळता, घरी ताट उचलत नाही तुम्ही दोघं.

‘‘आई,’’ रादिम म्हणाला, ‘‘माझं ऐक, काही बोलू नकोस. मी सांगतो ते...’’

पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. दार त्याने लावलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर खिडकीच्या उजेडाची कड अंगणात पडली होती, आणि त्या कडेपाशी बुटांचा आवाज येऊन थांबला होता.

‘‘सोबत कोण आहे रे?’’ आई म्हणाली. ‘‘एवढ्या थंडीत बाहेर उभं केलंस?’’

त्याने तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. त्याने चुलीत सूप ओतायला हवं होतं. तो असा, विचार न करता काहीही करणारा पोरगा. आयुष्यभर त्याचे हात डोक्याच्या आधी धावले, आणि त्या क्षणी ते लटकत राहिले, कारण आईचा चेहरा त्याने इतक्या महिन्यांत असा पाहिला नव्हता.

‘‘ये रे बाळा,’’ ती अंधाराला म्हणाली. ‘‘आत ये.’’

चुलीचं दार आपोआप किंचित उघडलं. धुराची एक बट बाहेर आली, टेबलाच्या कडेकडेने गेली, आणि हिनेकच्या खुर्चीपाशी पोचून मधोमध फाटली. आईने हातातली पळी खाली ठेवली. रादिम श्वास रोखून उभा होता. तो अजूनही वाट बघत होता, की खुर्ची मागे सरकेल आणि कोणीतरी शिवी देईल.